खिचडीच्या तीन शिट्ट्या

काल संध्याकाळी कामावरून परतताना आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर मी अचानक थांबले. मागून सायकलवर येणाऱ्या बाईंनी 'सुमिमासेन' म्हणत मला वळसा घातला. रस्त्यात मधेच थांबले मी आणि माफी मागितली त्यांनी, पण ते इथलं नेहमीचंच. किन्मोकुसेई फुलला होता. हे झुडूप वर्षभर कुंपण म्हणून निमूट उभं असतं, कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि शरदात एके दिवशी कुणाला न विचारता जपानातल्या आमच्या अख्ख्या हिगाशी-कसाई वस्तीला अत्तर लावून मोकळं होतं. फुलं एवढीएवढीशी, प्राजक्ताच्या देठाच्या रंगाची. वास मात्र लग्नघरातल्या थोरल्या मावशीसारखा. मावशी दिसायच्या आधी येतो आणि ती गेल्यावरही जात नाही.

हा वास आला की लोकांना चंद्र आठवतो, भाजलेली रताळी आठवतात, पानगळ आठवते. मला संडास आठवतात.

नाक मुरडू नका, सांगते. या वासाबरोबर आमच्याकडे तंबूचा मोसम सुरू होतो, आणि तंबू कुठे ठोकायचा हे गेली कित्येक वर्षं मी ठरवते. आमच्या घराचंच नाही, ओजिमापासून कसाईपर्यंतच्या निम्म्या मराठी घरांचं. लोक मला मागून 'तंबूताई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि तोंडावर म्हटलं तरी माझी हरकत नाही. किन्मोकुसेई फुलला की माझा फोन वाजायला लागतो.

"मेधाताई, दोन मुलं आहेत, पुण्याहून सासूबाई आल्यात, गाडी नाहीये, आणि ह्यांना गर्दी चालत नाही. कुठे जाऊ?"

"घरी बस," असं अगदी ओठांवर येतं. पण मी गळा साफ करते आणि विचारते, "सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?" कारण सगळं तिथून सुरू होतं. खाली बसायचा संडास की खुर्चीचा, तंबूपासून किती लांब, वाटेत चढ आहे का, दिवा आहे का. डोंगर, नदी, सूर्यास्त वगैरे सगळं त्यानंतर.

मी स्वतः सरकारी उद्यानांच्या बाजूची. जपानमध्ये 'केन' म्हणजे आपल्याकडचं राज्य समजा, फक्त जिल्ह्याएवढं. प्रत्येक केनची आपापली उद्यानं असतात आणि त्यांतल्या काहींत तंबू लावायची सोय. खाजगी ठिकाणी गरम पाण्याचं कुंड, कुत्र्यांना पळायला मैदान, झाडांवर दिव्यांच्या माळा, असतं सगळं. तिथे माणूस रानात आलाय की एखाद्याच्या रिसेप्शनला, ते कळत नाही. सरकारी ठिकाणी गार पाण्याचे नळ, सिमेंटचे ओटे, आपला कचरा आपण घरी न्यायचा असा दंडक, आणि ऑफिसात एक आजोबा. हे आजोबा सगळीकडे असतात. टोपी तीच, विजेरी तीच, माफी मागायची पद्धतही तीच. आरक्षण बहुतेक ठिकाणी अजूनही फोनवरच. फोन लागेपर्यंत माणसाचा पुनर्जन्म होतो, पण लागला की पलीकडे माणूस असतो.

हे सगळं मी आता नाचून सांगतेय, पण खरं सांगायचं तर मी दमले आहे. निवडण्याचा थकवा हा वेगळाच थकवा असतो. त्यात घाम येत नाही, त्यामुळे कुणाला तो दिसत नाही. 'तुला तर आवडतं हे,' असं लोक म्हणतात, आणि आवडतं हे खरंच असल्यामुळे तक्रारही करता येत नाही. काल त्या कोपऱ्यावर उभी राहून मी मनाशी जाहीर केलं: यंदा नाही. तंबूताई निवृत्त झाली. आणि ते जाहीर करता करताच, त्या वासातून, मला तो एक शरद आठवला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आमचा निनाद कॉलेजसाठी सेंदाईला गेला होता. एकुलता एक मुलगा, जन्म इथलाच. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने जपानीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा संवाद. गेल्यावर उत्तरं आखडत गेली. आधी दोन वाक्यं, मग एक, मग नुसतं 'दाइजोबु'. ठीक आहे, काळजी करू नका, नको, चालेल, मला एकटं सोडा, या सगळ्याला इथे हा एकच शब्द पुरतो. शेवटी तोही गेला आणि त्याच्या जागी वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं चित्र यायला लागलं. जेवलास का? अस्वल. थंडीचे कपडे पाठवू? अस्वल. ऑगस्टच्या सुट्टीत तो घरी आला नाही. गणपतीला आला नाही. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. ज्यांची मुलं लांब असतात त्यांना ते पाठ असतं. मला एवढंच बघायचं होतं की तो बरा आहे का. समोर बसवून, डोळ्यांनी.

"सरळ सेंदाईला जाऊ ना," शिरीष म्हणाला. शिरीष म्हणजे माझा नवरा, साध्या उपायांचा माणूस.

"आणि त्याच्या त्या खोलीत तिघं बसणार कुठे? तो दारातच दाइजोबु म्हणेल आणि आपण उलट पावली परतीच्या शिंकान्सेन गाडीत."

"मग त्याला इकडे बोलाव."

"बोलावलं. अस्वल आलं."

तेव्हा मी माझं शस्त्र काढलं. जपानचा नकाशा जमिनीवर पसरला, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक कसाईवर, दुसरं सेंदाईवर. मग दोरा निम्म्यावर दुमडला. घडी जिथे पडली तिथे डोंगर होते आणि डोंगरांत एक सरकारी उद्यान. घर नको म्हणतोस ना बाबा, मग तंबूत ये. निम्मी वाट तू, निम्मी आम्ही.

उद्यानात फोन लावला. नेहमीचे प्रश्न विचारून झाले आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा एक नवा प्रश्न विचारला, "तुमच्याकडे मोबाइलला रेंज असते का?"

पलीकडचे आजोबा फारच ओशाळले. "माफ करा. अजिबात नसते. डोंगरामुळे. फार गैरसोय होते लोकांची, खरोखर माफ करा."

"अजिबात म्हणजे अजिबात?"

"अजिबात."

"मग आमची जागा पक्की करा," मी म्हणाले. आजोबांनी तारीख माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. माझ्यासारखं गिऱ्हाईक त्यांना आधी भेटलं नसावं.

निनादला कळवलं. दिवसभर काही नाही. मग अस्वल आलं, आणि त्याखाली, 'कोणतं स्टेशन?'

त्या छोट्याशा स्टेशनवर आम्ही भाड्याची गाडी घेऊन उभे होतो. आगगाडीतून चारच माणसं उतरली आणि त्यांतला निनाद मला पटकन ओळखू आला नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दाढी विरळ, खांदे आत ओढलेले, जाकीट कुणा दुसऱ्याचं असावं तसं अंगावर लोंबतंय. मी तोंड उघडलं तर शिरीषने माझा दंड दाबला. निनाद मागच्या सीटवर बसला, काचेला डोकं टेकवलं आणि झोपला. लहानपणी झोपायचा तसाच, तोंड किंचित उघडं. डोंगराची वळणं येत होती, पिवळी पानं काचेवर चिकटून पुन्हा उडत होती, आणि मी आरशातून त्याच्याकडे बघत होते.

उद्यानात पोचलो तरी तो उठला नाही. मग ऑफिसात आम्ही दोघंच गेलो. आजोबांनी नियम सांगायला सुरुवात केली आणि बराच वेळ सांगत राहिले. आता मी इतकी वर्षं इथे आहे, सुपरमार्केटात काम करते, माझं जपानी काही वाईट नाही. पण आजोबांचं बोलणं डोंगराकडचं होतं, आणि माझं मन मागच्या सीटवर. इथे राहिलेल्या माणसाला एक विद्या आपोआप येते, समोरच्याच्या बोलण्याच्या लयीत मान हलवायची आणि योग्य जागी 'हाय', म्हणजे 'हो', म्हणायचं. आम्ही दोघांनी ती पणाला लावली. मला वाटलं, शिरीष ऐकतोय. त्याला वाटलं, मी ऐकतेय. शेवटी आजोबांनी आम्हाला एक नारिंगी शिट्टी दिली. अस्वलासाठी, एवढं कळलं. आम्ही ती मोठ्या आदराने खिशात ठेवली.

जपानी माणूस रानात येताना आवाज घरी ठेवून येतो. वर देवदार, खाली ओली पानं, कुठेतरी ओढा, आणि दहाबारा तंबूंमध्ये मिळून जेमतेम एका माणसाचा असावा एवढाच आवाज. शेजारच्या तंबूतलं तरुण जोडपं मांस भाजत होतं आणि ग्रंथालयात बसल्यासारखं बोलत होतं. त्यांचा कुत्रासुद्धा कुजबुजत भुंकायचा. अंधार पडायला लागला होता. निनाद उठून ताटल्या धुवायला नळाकडे गेला. नळ लांब, ऑफिसच्या पलीकडे. मी पिशवीतून कुकर काढला.

"कॅम्पिंगला कुकर?" शिरीष म्हणाला. "लोक बघ कसे छान मांस भाजतायत."

"भाजू देत. त्याला मुगाची खिचडी लागते."

"तो म्हणाला तसं?"

"तो कुठे काय म्हणतोय? म्हणून तर लावतेय."

छोट्या शेगडीवर फोडणी बसली. हिंग, मोहरी, कढीपत्ता. देवदारांच्या वासात हिंगाचा वास घुसला आणि कुत्रा उठून बसला. झाकण लावलं. आणि मग, मंडळी, त्या अथांग जपानी शांततेत आमच्या कुकरने पहिली शिट्टी दिली.

घरी आपण तिकडे लक्षही देत नाही. पण तिथे ती डोंगरावर आपटून परत आली. सगळ्या माना वळल्या. मी जवळच्यांना वाकून 'सुमिमासेन' केलं. दुसरी शिट्टी झाली तेव्हा शेजारचं जोडपं उभं राहिलं. मी आणखी वाकले. तिसरी झाली. खिचडीला तीन लागतात. आणि मी गॅस बंद केला.

त्यासरशी सगळं मैदान उठलं. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. मांस जाळीवर तसंच टाकून, मुलांचे हात धरून, विजेऱ्या घेऊन सगळे एका ओळीत ऑफिसच्या दिशेने चालायला लागले.

"काहीतरी कार्यक्रम दिसतोय," शिरीष म्हणाला.

"चल, आपणही जाऊ. सगळे गेले आणि आपणच नाही, असं नको."

आणि आम्ही त्या ओळीत सामील झालो. चेहरे सगळ्यांसारखे गंभीर केले. ऑफिसात सगळे दाटीवाटीने उभे. आजोबा टोपी घट्ट करून माणसं मोजत होते आणि विचारत होते, "कुणी पाहिलं? कुठल्या बाजूला?" एक लहान मुलगी आईच्या कोटात तोंड खुपसून रडत होती. अस्वल आलं होतं तर! आणि निनाद नळावर एकटा.

मी दाराकडे वळले तेवढ्यात तो आत आला. धापा टाकत, हातात तीन ओल्या ताटल्या.

"आई, तू कुकर लावलास?"

"अरे, ते राहू दे, बंद करून आलेय मी. अस्वल कुठे दिसलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे, मग त्या सगळ्या गर्दीकडे. त्याचा ओठ थरथरायला लागला. मला वाटलं, रडतो की काय.

"आई," तो मराठीत म्हणाला, "अस्वल तू आहेस."

तीन शिट्ट्या म्हणजे अस्वल, सगळ्यांनी ऑफिसात यायचं. निनादने हे नळाजवळच्या पाटीवर वाचलं होतं. आजोबांनी तेच तर आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही तालात मान हलवली होती. जमीन दुभंगावी आणि मला कुकरसकट पोटात घ्यावं, असं मला वाटलं. पण निनाद पुढे झाला. ताटल्या हातात तशाच, कमरेत वाकला आणि त्याच्या त्या अस्खलित जपानीत बोलायला लागला. अस्वल नाही, माझ्या आईवडिलांची चूक झाली, सगळ्यांना भीती वाटली त्याबद्दल माफ करा. तो भात शिजल्याचा आवाज आहे. आमच्या घरात तो झाला की जेवायला यायचं असतं.

मग त्या रडणाऱ्या मुलीने कोटातून तोंड काढून विचारलं, "भात शिट्टी वाजवतो?" आणि सगळी खोली हसली.

पण मला सांगायचंय ते हे नाही. गर्दी पांगत असताना आजोबा निनादला म्हणाले, "तुम्ही आवाज ओळखलात, बरं झालं." आणि निनाद त्यांना, त्या परक्या माणसाला, हळूच म्हणाला, "एप्रिलपासून ऐकला नव्हता. मघाशी नळावर ऐकला आणि नळ बंद करायचंच विसरलो. नुसता उभा राहिलो." आजोबा 'असं होय' एवढंच म्हणाले आणि नळ बंद करायला गेले.

मी दोन पावलांवर उभी होते. ती वाक्यं मला कळायला कुठलीच अडचण आली नाही.

खिचडी मी नेहमीच जास्त करते, ते त्या दिवशी कामी आलं. लोक छोट्या वाट्या घेऊन आले आणि जाताना काहीतरी ठेवून गेले. भाजलेली आळंबी, रताळी, मांसाचे जळलेले तुकडे, खजील होऊन. निनाद खात होता. पुन्हा घेतली. पुन्हा घेतली. मग चमचा ताटलीत ठेवला आणि मराठीत म्हणाला, "आई, मी थकलोय."

जूनपासून तो वर्गात गेला नव्हता. खोलीत पडून असायचा. सायकल खाली गंजत होती. कुणी काही केलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं, काही घडलं नव्हतं. "कारण विचारू नका, कारण नाही," तो म्हणाला. "नुसतं थकलोय."

माझ्याकडे भाषणं होती. पूर्ण प्रवासभर तयार केलेली, हातवाऱ्यांसकट. आम्ही या देशात काय काय सोसलं, ते सगळं त्यात होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "लिंबाचं लोणचं वाढू?"

"वाढ," तो म्हणाला.

शिरीषने आपलं जाकीट काढून त्याच्या अंगावर घातलं आणि म्हणाला, "झोप. उद्या बघू. उद्या नाही जमलं तर परवा बघू." साध्या उपायांचा माणूस म्हणाले ना मी.

निनाद झोपला तो सकाळ होऊन, ऊन तंबूवर येऊन, शेजारचं जोडपं सामान बांधून, वाकून, निघून गेलं तरी उठला नाही. जागा सोडायची वेळ टळून गेली. आजोबा झाडू घेऊन आमच्या तंबूपाशी आले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी तंबूकडे पाहिलं, मग पलीकडच्या टोकाला गेले आणि तिथली पानं झाडायला लागले. तिथे फारशी पानं नव्हती.

त्या उन्हात बसून मी दोर गुंडाळत होते आणि मला आठवत होतं, मी नवी नवी इथे आले तेव्हा दर रविवारी आईला फोन करायचे. तिने विचारायचं, कशी आहेस? मी म्हणायचे, मजेत. भाषा येत नव्हती, भाजीच्या दुकानात रडू यायचं, तरी मजेत. निनादला ते अस्वल कुणी शिकवलं, याचा मग मी फार शोध घेतला नाही.

तो आमच्याबरोबर कसाईला आला. कॉलेजातून सहा महिन्यांची सुट्टी घेतली. हिवाळाभर झोपला, जेवला, मधूनमधून माझ्याशी भांडला, ते मला फार आवडलं. एप्रिलमध्ये सेंदाईला परत गेला. तंबू घरी आणून बाल्कनीत वाळत घातला होता. त्याला आठवडाभर हिंगाचा वास येत होता आणि बिल्डिंगच्या सूचनाफलकावर, कुणाचंही नाव न घेता, 'बाल्कनीत मोठ्या वस्तू टांगू नयेत' असा कागद लागला होता.

त्याला आता काही वर्षं झाली. निनाद तिकडेच शिकतो, दाढी दाट झालीय, उत्तरं अजून छोटीच. दर शरदात मी जागा निवडत आले. पण यंदा शिरीषचे गुडघे कुरकुरतात, मलाही खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो, आणि तो फोन तर थांबतच नाही. काल कोपऱ्यावरून घरी पोचेपर्यंत दोनदा वाजला. सासूबाई, गुडघे, मुलं, गाडी नाही. मी चपला काढल्या, दिवा न लावता सोफ्यावर बसले आणि शिरीषला म्हणाले, "यंदा कुठेच जायला नको. कुणाला काही सांगायला नको. मी थकलेय रे."

हे मी मोठ्याने, या घरात, पहिल्यांदाच म्हटलं असावं. शिरीषने माझ्याकडे बघितलं आणि तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. त्याने काय लिहिलं, ते मला माहीत नाही.

आज सकाळी निनादचा निरोप आला. अस्वल नव्हतं. जपानीतच होता, पण चांगला लांब. त्याने तेच डोंगरातलं उद्यान घेतलंय, पुढच्या महिन्यात. तंबूची जागा संडासाजवळ, वाट सपाट, खुर्चीचा आहे, विचारून घेतलं. ऊन उशिरा येतं त्या बाजूला, म्हणजे तू झोपू शकशील. रेंज अजूनही नाही, त्यामुळे तुला कुणाचा फोन येणार नाही. तू काही ठरवू नकोस. आणि शेवटी, आजोबांनी विचारलंय, कुकर आणणार का? आता अस्वलासाठी भोंगा बसवलाय, शिट्ट्या मोकळ्या झाल्यात. तीन झाल्या की वाट्या घेऊन या, असं ते सगळ्यांना आधीच सांगून ठेवणार आहेत.

मी तो निरोप दोनदा वाचला. मग चष्मा पुसला. आत स्वयंपाकघरात शिरीष स्टुलावर चढून माळ्यावरून आमचा जुना कुकर काढत होता. कुरकुरत्या गुडघ्यांनी, मला न सांगता.

"तो नको," मी म्हणाले. "मोठा काढ."